परदेशी गुरुजींच्या मुक्कामाची मुदत

विद्यापीठात पाऊल टाकण्यापूर्वी अथवा तेथून बाहेर पडल्यावर एखादे वर्ष जग पाहण्यात घालवावे, आणि हे जग पाहणे निव्वळ चैनीचे ठरू नये म्हणून त्यातील काही आठवडे आशिया-आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात मुलांना इंग्रजी शिकविण्याकडे लावावेत, अशी रीत गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेतील सुखवस्तू तरुणांमध्ये चांगलीच रुळली आहे. आणि तिच्या पाठोपाठ, अशा तरुणांकडून रीतसर फी घेऊन त्यांना खेडे, शाळा, मुले व राहण्याजेवण्याची सोय पुरविणाऱ्या संस्थांचा एक स्वतंत्र व्यवसायही उभा राहिला आहे. या तरुणांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. पदरचे पैसे खर्चून, उन्हाधुळीत राहून, अनोळखी मुलांच्या घोळक्यात दिवस काढणारा मनुष्य वाईट असण्याचा संभव थोडाच. परंतु हेतूची शुद्धता हा ज्याचा त्याने स्वतःशी करावयाचा हिशेब आहे. गावाने करावयाचा हिशेब निराळा. ज्या मुलांपुढे हा पाहुणा उभा राहतो त्यांच्या पदरात काय पडते, आणि काही पडावयाचे असेल तर ते कोणत्या अटींवर, एवढाच प्रश्न गावापुढे असतो व असावा.

हा प्रश्न तपासण्यास सातारा व सांगली हे दोन जिल्हे मला विशेष सोयीचे वाटतात. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघालेला आणि १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालेला जिल्हा व त्याचा उत्तरेकडील थोरला भाऊ यांच्या भूमीत परकी माणसे शिकवावयास, उपचार करावयास, धर्म सांगावयास आणि प्रयोग करावयास पिढ्यान् पिढ्या येत आली आहेत. त्यांपैकी दोन अमेरिकन स्त्रिया तर भारतात प्रथम इंग्रजीच्याच अध्यापिका म्हणून उतरल्या होत्या. पुढे त्यांनी जे केले ते इंग्रजीच्या अध्यापनाहून इतके वेगळे आणि इतके मोठे होते की, त्यांची आरंभीची ती नेमणूक आज बहुतेकांच्या स्मरणातही नाही. माझ्या प्रतिपादनाचा सारा भार या दोघींवर आहे. परंतु तेथवर जाण्यापूर्वी इंग्रजीच्या मागणीविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्या मागणीला हसण्याची आपल्या सुशिक्षितांना खोड आहे.

खेड्यातील आईबापांना मुलांच्या इंग्रजीचा लागलेला ध्यास हे अंधानुकरण आहे, असे जे विद्वान व्यासपीठावरून सांगतात त्यांची स्वतःची नातवंडे कोणत्या माध्यमात शिकतात याची चौकशी करणे सभ्यतेला धरून होणार नाही, म्हणून मी ती करीत नाही. मात्र साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलातील, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलातील, दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेस इंग्रजी पहिलीत दाखल झालेल्या भिवा रामजी आंबेडकर या मुलाची नोंद आहे, आणि तो दिवस महाराष्ट्र शासन आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळते, ही गोष्ट या विद्वानांनी डोळ्यांआड करू नये. त्या मुलाच्या हाती इंग्रजी पडली नसती तर कोलंबिया नव्हते, लंडन नव्हते, आणि ज्या मसुद्यावर पुढे साऱ्या देशाचा कारभार चालावयाचा होता त्या मसुद्याच्या समितीचे अध्यक्षपदही नव्हते. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी मिल्ल आणि स्पेन्सर वाचले ते मराठी भाषांतरांतून नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नव्हते, साताऱ्यात शिकवण्या करून पोट भरीत होते. पण १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घालताना आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणताना, रयतेच्या मुलांनी केवळ अक्षरओळखीवर समाधान मानावे असे त्यांच्या मनात कधी आले नाही. वरिष्ठ वर्गाने आपल्यापुरते राखून ठेवलेले प्रत्येक दार उघडून घ्यावयाचे, असा त्यांचा बाणा होता, आणि त्या दारांत इंग्रजीचे दार सर्वांत जड होते.

सरकारी धोरण मात्र या बाबतीत कधी एका टोकाला तर कधी दुसऱ्या टोकाला गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने खालच्या इयत्तांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. त्या निर्णयामागे स्वाभिमान होता, परंतु त्याची किंमत शहरातील मुलांपेक्षा खेड्यातील मुलांनीच अधिक मोजली, कारण शहरातल्या मुलाला घर, शिकवणी व शेजार यांचा आधार होता. पुढे इंग्रजी पाचवीत आली, आणि २००० साली ती एकदम पहिलीपासून सर्व शाळांत सक्तीची झाली. हुकूम निघाला, पुस्तके छापली गेली, आणि ज्या गुरुजींनी स्वतः इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलण्याचा प्रसंग उभ्या आयुष्यात अनुभवला नव्हता त्यांच्या हाती ती पुस्तके देण्यात आली. त्यानंतर सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले, गावोगाव खासगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरू लागल्या, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट टिकविण्याची चिंता मुख्याध्यापकांच्या मानेवर बसली. अशा वेळी ज्याच्या तोंडी इंग्रजी पाळण्यापासून आहे असा एखादा गोरा तरुण आपण होऊन शाळेच्या दारात उभा राहिला, तर त्याला नको म्हणणे मुख्याध्यापकाच्या जिवावर येते. आणि फाटकावर त्याचा फोटो लावला असता पट वाढतो, हेही त्याला ठाऊक असते.

आता तो तरुण वर्गात काय करतो ते पाहू. तो गाणे म्हणतो, रंगांची व प्राण्यांची नावे सांगतो, मुलांना हसवितो, त्यांच्याकडून नाव, गाव, वय वदवून घेतो. मुले भीड सोडून ओरडतात, आणि आमच्या शाळांत भीड चेपणे ही काही क्षुल्लक बाब नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु पहिल्या आठवड्याचा हा उत्साह ओसरला की खरे काम सुरू व्हावयाचे असते, आणि त्या कामासाठी लागणारे एक ज्ञान त्याच्यापाशी नसते: मूल कोठे व का अडते, याचे ज्ञान. भूक, ताप, आठवण, राग या गोष्टी मराठीत माणसाला लागतात किंवा येतात, आणि इंग्रजीत तोच मनुष्य कर्त्याच्या जागी जाऊन बसतो. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी थांबते, इंग्रजी क्रियापद मधेच घुसते. देवनागरीत जे लिहिले ते वाचावयाचे असते, आणि इंग्रजीत लिहिणे एक व वाचणे दुसरे, हा अन्याय आठ वर्षांच्या मुलाला कोणी तरी समजावून द्यावा लागतो. जो मनुष्य ही चढण स्वतः चढलेला नाही, ज्याला आपली भाषा श्वासासारखी फुकट मिळाली, त्याला या अडचणी दिसतच नाहीत. त्याला मूल एक तर हुशार दिसते, नाही तर लाजाळू. उलट मागच्या बाकावर बसून हा सोहळा पाहणाऱ्या, अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या स्थानिक गुरुजींना त्या चढणीतला प्रत्येक दगड ठाऊक असतो. त्यांच्यापाशी उणीव आहे ती भाषेच्या सरावाची, आणि पाहुण्यापाशी उणीव आहे ती मुलाच्या ओळखीची. पहिली उणीव दोन-तीन वर्षांच्या सोबतीने भरून निघण्यासारखी आहे. दुसरी चार आठवड्यांत भरून निघणे केवळ अशक्य.

भाषा येते ती कशाने, याचा दाखला हवा असेल तर विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्याकडे पाहावे. या भागातील माणसे सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन पिढीमागून पिढी देशभर पांगली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, जेथे सराफकट्टा आहे तेथे यांची भट्टी आहे. ज्यांना घरच्या शाळेत धड सातवी गाठता आली नाही, ते तेथील गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत भाव ठरवितात, त्याच भाषेत भांडतात आणि त्याच भाषेत उधारी वसूल करतात. त्यांना कोणी स्वयंसेवक शिकवावयास गेला नव्हता. पोटाची निकड आणि रोजचा सहवास एवढ्याच दोन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. पण त्या वर्षानुवर्षे होत्या. चार आठवड्यांच्या पाहुण्याजवळ निकड नसते, आणि सहवास जमू लागतो तोच त्याच्या परतीच्या तिकिटाची तारीख येते.

या प्रकारच्या सेवेवर सर्वांत कठोर प्रहार केला तो इव्हान इलिच या ऑस्ट्रियात जन्मलेल्या धर्मगुरूने. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे, मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी जाऊ पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच उभे राहून, तुम्ही पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका, अशा आशयाचे भाषण त्याने केले. ज्यांची भाषा तुम्हांला येत नाही त्यांना तुम्ही काय देणार, आणि तुमच्या येण्याने तुमच्याविषयी त्यांना काय वाटते हे तरी तुम्हांला कसे कळणार, असा त्याचा रोख होता. हा इलिच त्याच गावी परदेशी पाद्र्यांना व सेवकांना स्पॅनिश शिकविणारे केंद्र चालवीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या क्रोधामागचा अनुभव कळतो. त्याचे निदान मला मान्य आहे. त्याचा निर्णय मात्र मला पुरता मान्य नाही, कारण तो निर्णय सातारा-सांगलीच्या कसोटीला उतरत नाही.

गेल ऑम्वेट यांचा जन्म १९४१ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी झाला. साठच्या दशकाच्या मध्यास फुलब्राइट योजनेखाली इंग्रजीची ट्यूटर म्हणून त्या भारतात प्रथम आल्या. ती मुदत सरली आणि त्या परतल्या. येथवर त्यांची कहाणी इतर शेकडो तरुणांसारखीच. परंतु त्या पुन्हा आल्या त्या शिकविण्यासाठी नव्हे. महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहावयाचा म्हणून त्यांनी मराठी आत्मसात केली, सत्यशोधकांची जुनी पत्रके व दस्तऐवज धुंडाळले, आणि १८७३ ते १९३० या कालखंडातील त्या चळवळीवरील त्यांच्या प्रबंधाला १९७३ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाची मान्यता मिळाली. आमच्या विद्यापीठांतील विद्वानांना जोतीरावांचे महत्त्व तेव्हा कितपत उमगले होते, हा प्रश्न मी येथे विचारीत बसत नाही. पुढे डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह करून त्या वाळवा तालुक्यातील कासेगावी राहावयास आल्या, १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच कासेगावी त्यांचा अंत झाला. सासूबाई इंदूताई पाटणकर या बेचाळीसच्या लढ्यातील, साताऱ्याच्या प्रतिसरकारात वावरलेल्या स्त्री; तेव्हा घरात राजकारणाचा पाठ देणारी माणसे होतीच. परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कांची चळवळ, दुष्काळी भागातील समान पाणीवाटपाचा लढा, येरळा नदीवर लोकांनी स्वतः उभारलेले बळीराजा धरण, या साऱ्यांत त्या होत्या, आणि मोर्चात चालताना त्या इतरांहून वेगळ्या दिसत असल्या तरी वेगळ्या राहत नसत.

आता प्रश्न असा की, इंग्रजीच्या या अध्यापिकेने कासेगावला इंग्रजी किती शिकविली? मला वाटते, हा प्रश्नच उलटा करून घ्यावा लागतो. कासेगावने त्यांना जे शिकविले ते त्यांनी आपल्या इंग्रजीतून जगाला सांगितले. येरळेच्या काठची लोकांची धडपड, शेतमजूर बायांचे म्हणणे, फुले-आंबेडकरी विचाराची परंपरा, पुढे भारत पाटणकरांच्या साहाय्याने तुकोबांचे अभंगही, हे सारे त्यांच्या लेखणीने इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे मांडले. जन्मजात इंग्रजी हे धन त्यांच्यापाशी होते, आणि त्या धनाचा गावाला जो खरा उपयोग झाला तो गावाच्या वतीने बोलण्यात झाला. वर्गात रंगांची नावे घोकवून घेण्यात तो झाला नसता. पण असा उपयोग होण्यासाठी आधी गावाचे म्हणणे समजावे लागते, आणि त्यासाठी गावाची भाषा यावी लागते. मी इलिचशी मतभेद दाखवितो तो येथे. पाहावयास व शिकावयास या, असे तो म्हणाला. परंतु जो खरोखर शिकावयास आला आणि शिकेपर्यंत राहिला, तो नुसता पाहुणा उरत नाही, त्याच्या हातून देणेही होते, ही शक्यता त्याने त्या दिवशी त्या मुलांपुढे ठेवली नाही.

दुसरे उदाहरण मॅक्सीन बर्नसन यांचे. साठच्या दशकाच्या आरंभी त्या हैदराबादेतील विवेकवर्धिनी या मराठी मंडळींनी स्थापिलेल्या संस्थेच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होत्या. मायदेशी जाऊन भाषाशास्त्राच्या अभ्यासाला लागल्यावर, मराठीच्या बोलींतील भेद अभ्यासण्यासाठी १९६६ च्या सुमारास त्या सातारा जिल्ह्यातील फलटणला आल्या, आणि संशोधन संपले तरी फलटण सुटले नाही. भारताचे नागरिकत्व त्यांनीही स्वीकारले. जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी मराठीचे संदर्भ-व्याकरण सिद्ध केले, ते १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि मराठी शिकू इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. (जाई निंबकर या इरावती कर्व्यांच्या कन्या, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या नात. याच कर्व्यांनी पोरवयात कोकणातील मुरुडहून सह्याद्री ओलांडून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायपीट केली, आणि वय लहान दिसते या सबबीवर त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. त्यांच्या नातीच्या हातून सातारा जिल्ह्यात बसून मराठीचे व्याकरण लिहिले जावे, हा योगायोग नमूद केल्यावाचून मला पुढे जाववत नाही.)

बर्नसनबाईंनी फलटणला पाहिले ते असे की, दलित वस्तीतील मुलांची नावे शाळेच्या हजेरीपटावर आहेत, वर्षे उलटत आहेत, इयत्ता वाढत आहेत, आणि मुलांना वाचता येत नाही. इंग्रजी तर दूरच, त्यांना त्यांचीच मराठी वाचता येत नव्हती. ज्या विदुषीला इंग्रजी उपजत येत होती, जिच्यापाशी भाषाशास्त्रातील डॉक्टरेट होती आणि जिने इंग्रजीचे वर्ग उघडले असते तर फलटणच्या सधन कुटुंबांनी रांग लावली असती, तिने त्या वस्तीत मराठी वाचनाचे वर्ग सुरू केले. स्वरमाला आणि व्यंजनमाला क्रमाने घोकवून घेण्याची आपली परंपरागत पद्धत बाजूस ठेवून, थोडी अक्षरे व थोड्या मात्रा यांचे समूह असे बांधावयाचे की दोन-चार दिवसांतच मुलाला अर्थाचे शब्द आणि लवकरच अर्थाची वाक्ये वाचता यावीत, ही दृष्टी तेथे घडत गेली. प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा निघाली. तिला ज्यांचे नाव दिले त्या कमलाबाई निंबकरही जन्माने अमेरिकनच. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव, आणि भारतात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा आरंभ त्यांच्या हातून झाला.

या निवडीचा अर्थ मी जितका विचार करतो तितका मला खोल वाटतो. ग्रामीण भारतातील पाचवीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येतो, असे 'असर' नावाने निघणाऱ्या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत वाचलेल्याचा अर्थ लावण्याची सवय लागलेली नाही त्याला दुसऱ्या भाषेचे पुस्तक देणे म्हणजे पाया न खणता माडी चढविणे होय. वाचन ही क्रिया मनुष्य एकदाच शिकतो. ती ज्या भाषेत शिकणे सर्वांत सोपे त्या भाषेत शिकला की पुढील भाषांना तिचा फायदा आपोआप मिळतो. म्हणून मराठी वाचनाचे काम हे इंग्रजीच्या विरोधातले काम नव्हे, खेड्यातील मुलाच्या इंग्रजीसाठी करण्याजोगे ते पहिले काम आहे. ही गोष्ट ज्या परदेशी व्यक्तीला उमगली ती मराठीचे व्याकरण लिहिण्याइतकी मराठीत मुरली होती. महिनाभराच्या पाहुण्याला ती दिसणे शक्य नाही, कारण मूल मराठी वाचताना अडखळते की नाही हेच त्याला कळत नाही.

येथे जुन्या मिशनऱ्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी ज्याला जे मत असेल ते असो; परंतु साताऱ्यास व वाईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना आधी मराठी शिकावी लागे, तीत परीक्षा द्याव्या लागत, आणि पुष्कळांनी हयात येथेच काढली. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभारलेले रुग्णालय सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी त्यांच्या नावाने ओळखले जाते. धर्मप्रसाराचा हेतू असलेल्या माणसांनी जी शिस्त पाळली ती निर्हेतुक सेवा करू म्हणणाऱ्यांनी पाळू नये, ही गोष्ट मला खटकते. जन्माने पोलिश असलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी औंध संस्थानात १९३९ च्या स्वराज्याच्या घटनेला आणि आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या मुक्त कैदी-वसाहतीला हातभार लावला. तेही येथे राहिले, भारतीय झाले, भारतीय नावाने वावरले.

यावर आक्षेप येतो तो नेहमीचाच: सारे जण काही ऑम्वेट किंवा बर्नसन होत नाहीत; काहीच नसण्यापेक्षा थोडे असलेले काय वाईट? हा आक्षेप दिसतो तितका निरुपद्रवी नाही. त्याच्या मुळाशी असे गृहीत आहे की, खेड्यातील मुलाचा वेळ रिकामा पडलेला आहे आणि त्यात कोणीही काहीही टाकले तरी नफाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० व सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. त्यांतून निवडणुकांची, गणनांची व सरकारी मोहिमांची कामे गुरुजींचा वेळ खातात ती निराळीच. उरलेल्या दिवसांतले वीस-पंचवीस दिवस एका अनोळखी, अप्रशिक्षित माणसाच्या स्वाधीन करणे हे मुलाच्या मालमत्तेतून दिलेले दान आहे, आणि ते देण्यापूर्वी मुलाला कोणी विचारीत नाही. याच कायद्याखाली आपण स्थानिक तरुणाकडून अध्यापन पदविका मागतो, पात्रता परीक्षा मागतो, आणि इतके करूनही भरतीची वाट पाहत त्याला वर्षे काढावयास लावतो. नेमणूक झालीच तर आरंभीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबवितो. त्याच शाळेच्या त्याच वर्गात परदेशी तरुणाकडून मात्र कोणताही दाखला मागितला जात नाही. ऊसतोडणीच्या हंगामात बीडकडून कृष्णाकाठच्या कारखान्यांवर येणाऱ्या मजुरांच्या मुलांची शाळा कार्तिकात तुटते ती चैत्रापर्यंत जुळत नाही; त्या मुलांच्या आयुष्यात येऊन जाणारी माणसे आधीच पुष्कळ आहेत, त्यांत आणखी एकाची भर घालण्यात पुण्य कसले?

जत तालुक्याच्या पूर्व भागात तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. तेथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, घरात कन्नड, कचेरीत मराठी, आणि पाणी मिळावे एवढ्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव करण्यापर्यंत पाळी आलेली. ज्या मुलाला दोन भाषांच्या सीमेवर आपले घर सांभाळावे लागते त्याच्यापुढे तिसरी भाषा घेऊन जाणाऱ्याने पहिल्या दोहोंपैकी एक तरी शिकून जावे, ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

दुसरा आक्षेप अधिक आदराने घेण्याजोगा आहे. परदेशी माणूस वर्गात आला की मुलांचे जग रुंदावते. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि तिच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आपल्या ओट्यावर बसून भाकरी खातो हे पाहणे वेगळे, असे सांगितले जाते. हे खरे आहे. पण मग त्याला पाहुणा म्हणूनच बोलवा. गावजेवणाला, जत्रेला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलवा, त्याच्या देशातील शेतीविषयी आणि शाळेविषयी त्याला बोलते करा. त्याने पाहुण्यासारखे यावे व पाहुण्यासारखे जावे, यात कोणाचेच नुकसान नाही. नुकसान होते ते त्याच्या हाती खडू व वर्गाची जबाबदारी दिल्याने. परदेशी विद्येची गरज भाऊरावांनाही जाणवत होती. त्यांनी त्यासाठी आपल्याच वसतिगृहातील पी. जी. पाटील या मुलाला इंग्लंडला जाण्याची वाट मोकळी केली. तो बॅरिस्टर होऊन परत आला, रयतच्या कामाला लागला, पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि फुल्यांचे वाङ्मय त्याने इंग्रजीत नेले. तिकडचा माणूस इकडे महिनाभर आणण्यापेक्षा इकडचा माणूस तिकडे पाच वर्षे धाडणे महाग पडते खरे. पण त्याचे व्याज किती पिढ्यांना मिळाले ते साताऱ्याने पाहिले आहे.

तेव्हा या दोन जिल्ह्यांतील शाळा व्यवस्थापन समित्यांना, मुख्याध्यापकांना आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्याला माझी विनंती आहे ती इतकीच. पुढच्या वेळी इंग्रजी शिकविण्याची इच्छा घेऊन कोणी परदेशी तरुण दारात आला, तर त्याचा सत्कार करण्यापूर्वी त्याच्यापुढे अटी ठेवाव्यात: निदान एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष मुक्काम, पहिले सहा महिने गावातील कोणाकडून तरी मराठी शिकणे, वर्ग स्वतंत्रपणे न घेता गुरुजींच्या शेजारी बसणे, आणि शाळा सुटल्यावर गुरुजींशीच इंग्रजीत बोलणे, कारण त्याच्यापाशी देण्यासारखे जे आहे त्याचा खरा धनी तो गुरुजी आहे. तो गेल्यावरही हा सराव शाळेत उरेल आणि पुढची तीस वर्षे मुलांच्या कामी येईल. ज्याला या अटी जाचक वाटतील त्याला सज्जनगड दाखवावा, कास पठारावरची फुले दाखवावीत, चहापाणी करून निरोप द्यावा. ज्याला त्या मान्य होतील त्याला राहण्यास खोली द्यावी, आणि मराठीचे पहिलीचे पुस्तक द्यावे.